देव्हाऱ्यातले बाप-लेक

अक्काच्या देव्हाऱ्यातला पितळी डबा मी पहिल्यांदा उघडा पाहिला तो यंदाच्या चैत्रात. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, धरणगावला दिलेली. तिच्या सासरी टाकांचा डबा फक्त घरच्या सुनेनं उघडायचा असतो. गेलेल्या माणसांचे ते ठशाचे लहान पत्रे, काही चांदीचे, एखादा सोन्याचा. सुनेच्या माहेरच्यांचा त्यांच्याशी संबंध नाही. दाजी मागच्या वर्षी माघात गेले. मुलगी नाशिकला दिलेली, घरात अक्का एकटीच. त्या दिवशी तिचे गुडघे धरले होते, म्हणून डबा मी खाली काढला आणि ती ओसरीवर चिंचेच्या पाण्यात एकेक टाक धुऊ लागली. मी शेजारी चहा पीत बसलो होतो.

हळद आणि कुंकवाचा थर निघाला तसे एका सोन्याच्या चकतीवर दोन चेहरे दिसू लागले. डावीकडे मोठा, दाढीवाला. उजवीकडे लहान, गुळगुळीत गालांचा. दोघेही समोर बघणारे. दोघांच्या डोक्यावर मुकुट, आणि मुकुटांच्या वर दोन भोकं, दोरा ओवण्यासाठी पाडलेली. मी कप खाली ठेवून पुढे झुकलो.

मी धुळ्यात चष्म्याचं दुकान चालवतो आणि गेली काही वर्षं बायझंटाइन सोन्याची नाणी गोळा करतो. आजच्या इस्तंबूलमधून राज्य करणाऱ्या पूर्व रोमन सम्राटांची ही नाणी. माझ्याकडे सहा आहेत, सगळी मुंबईच्या लिलावांतून घेतलेली. एकावर ॲनास्टेशियस आहे, खांद्यावर भाला टेकवलेला. एकावर जस्टिनियन, हातात पृथ्वीचा गोल घेऊन. एकावर फोकस, टोकदार दाढीचा, ज्याच्या तोंडाकडे पाहूनच कळतं की याच्या राज्यात कोणी सुखानं झोपलं नसेल. बायको म्हणते, "तुमच्या राजांना जेवायला वाढू का, की तुमच्याबरोबरच बसतील?" तिला वाटतं, मी त्यांचं सोनं बघतो. मी चेहरे बघतो. सुरुवातीचे कोणी एका बाजूला वळलेले असत, पुढे पुढे सगळे सरळ समोर बघू लागले. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरणाऱ्या माणसाला त्या नजरा सोडवत नाहीत.

"हाई काय शे, अक्का?"

"हाऊ बाप, हाऊ लेक." तिनं ओल्या बोटानं दाखवलं. "आनि मांगे तुळशीवृंदावन."

तिनं चकती उलटी केली. मागे तीन पायऱ्या होत्या आणि त्यांवर उभा क्रूस. खरंच, पायऱ्यांच्या वृंदावनात लावलेल्या तुळशीसारखा दिसत होता. त्या घरातल्या किती सुनांनी त्या क्रूसाला तुळस समजून हळद वाहिली असेल.

"कोणाचे बाप-लेक?"

"माले काय माहीत? सासू म्हने, बाप-लेक शेतस. नाव कोनलेच माहीत नही." तिनं चकती पदरानं पुसली आणि माझ्या हातात ठेवली. "हाऊ उजळी आन, भाऊ. जळगावले तुनी वळख शे ना सराफमा."

मी लगेच हो म्हणालो. उजळणं म्हणजे पॉलिश, असंच माझ्या डोक्यात आलं. त्या नाण्याला मी ब्रशसुद्धा लावू देणार नव्हतो, पण हातात घेऊन घरी न्यायला तर मिळणार होतं. मग अक्कानं कनवटीतून दाजींची अंगठी काढली आणि चकतीबरोबर फडक्यात बांधू लागली.

"ही बी यामा टाक."

"अंगठी कशाला?"

"तुना दाजीसना टाक कराना शे ना. आखाजीले त्यासले घरमा बसाडनं शे. आजून बाहेर उभा शेतस ते."

तेव्हा मला कळलं. तिच्या सासरी 'उजळणं' याचा अर्थ वेगळा. ज्याचं नाव घेणारं घरात कोणी उरलेलं नाही, तो जुना टाक आटवायचा आणि त्याच सोन्यात नव्या माणसाला बसवायचं, हे त्यांच्याकडचं उजळणं. विकतचं सोनं चालत नाही. घरातलं माणूस सोनाराच्या समोर बसून राहतं, सोनं बदललं जाऊ नये म्हणून. सोनं मुशीतून ओतताना नव्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, मग जुने आणि नवे एक होतात. अक्काचे गुडघे तिला जळगावच्या बसमध्ये चढू देत नव्हते. सोन्याची राखण करायला तिनं भावाला निवडलं होतं.

"बठ्ठं तुना भरवसावर," ती म्हणाली.

मी हो म्हणून बसलो होतो.

धुळ्याला परतताना बसमध्ये माझा एक हात सतत शर्टाच्या खिशावर होता. अमळनेरला गाडी थांबली तेव्हा खिडकीशी रसवाला आला, त्याला पैसे द्यायलासुद्धा मी तो हात काढला नाही, डाव्या हातानं कसेबसे दिले.

दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी ते नाणं दिव्याखाली धरून बसू लागलो. मोठा चेहरा आणि लहान चेहरा म्हणजे बहुधा हेराक्लियस आणि त्याचा मुलगा. हा हेराक्लियस आफ्रिकेतून जहाजं घेऊन आला आणि त्यानं त्या फोकसला गादीवरून ओढून काढलं. इराणशी वर्षानुवर्षं लढून त्यानं गेलेलं सगळं परत मिळवलं, आणि म्हातारपणी अरबांपुढे ते पुन्हा गमावलं. मुलाला त्यानं पाळण्यात असतानाच मुकुट घातला होता. म्हणून त्याच्या नाण्यांवर एक गोष्ट घडते, जी मला इतर कुठल्या राजाच्या नाण्यांवर इतकी सावकाश घडताना दिसलेली नाही. मुलगा वाढत जातो. आधी बापाच्या खांद्याशी एवढासा, मग जरा मोठा, मग मिशी फुटलेला. माझ्या सहांतलं एक नाणं मिशी फुटल्यानंतरचं आहे. लहान मुलाचं मी कितीतरी दिवस शोधत होतो.

पण मी 'बहुधा' म्हणालो. कडेची अक्षरं पिढ्यान् पिढ्या चिंचेनं घासून गेली होती, नुसत्या रेघा उरल्या होत्या. आणि त्याच घराण्यात पुढे हेराक्लियसचा नातू झाला, कॉन्स्टन्स. त्याच्याही नाण्यांवर दाढीवाला बाप आणि कोवळा मुलगा असतो, मागे पायऱ्यांवर क्रूस असतो. दाढीच्या लांबीवरून दोघे ओळखता येतात, आणि या नाण्यावर हनुवटीखालचा भाग सपाट झाला होता. कॉन्स्टन्सनं स्वतःच्या सख्ख्या भावाला मारवलं होतं. त्यालाही शेवटी नोकरानं न्हाणीघरात मारलं. शिवाय तिसरी शंका होती. अशा नाण्यांच्या नकला आपल्याकडच्या सोनारांनीही केल्या होत्या, अक्षरं न समजता नुसत्या रेघा ओढून. मी भिंग बदलून बदलून पाहिलं. कधी मला 'ह'च्या जागी असणारं अक्षर दिसायचं, कधी तो नुसता ओरखडा असायचा.

आणि या सगळ्याच्या खाली दुसराच विचार चालू होता, तो मी स्वतःशीही नीट बोलत नव्हतो. तेवढ्याच वजनाचं साधं सोनं घ्यायचं, त्याचा टाक करून घ्यायचा. अक्काला चकचकीत टाक मिळेल, दाजी घरात बसतील, बाप-लेक वाचतील. कोणाचंच नुकसान नाही. मी धुळ्यात एका सराफाकडून एक लहान तुकडा घेतला आणि वेगळ्या पुडीत बांधला. पावतीवर स्वतःचं नाव सांगताना माझा आवाज बसला. सराफ म्हणाला, "ऊन लागलं वाटतं भाऊ, पाणी देऊ?"

घरी बायकोला काहीतरी वेगळं असल्याची शंका आलीच. "सातवा राजा आला का घरात?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "नाही, पाहुणा आहे. परत जायचाय."

आखाजी, म्हणजे गेलेल्यांच्या नावानं घागर भरायची अक्षय्य तृतीया, जवळ आली तसा मी जळगावला गेलो. सराफ बाजारातले आबा सोनार ओळखीचे, त्यांचा चष्मा माझ्याकडचा. गल्लीच्या आतल्या अंगाला त्यांची लहान भट्टी आहे. बाहेर ऊन असं होतं की शटरला हात लावता येत नव्हता, आणि आत भट्टी. आबांनी ठसा काढून ठेवला होता, फेटा बांधलेल्या माणसाचा.

"दाजी फेटा बांधायचे का?"

"लग्नात."

"मग चालेल," आबा म्हणाले. "काढा सोनं."

मी अंगठी काढली आणि तिच्याशेजारी साध्या सोन्याची पुडी ठेवली. दुसरी पुडी, बाप-लेकांची, खिशातच होती. आबांनी पुडी उघडली, तुकडा बोटांनी चाचपला, मुशीत टाकला नाही.

"टाक आहे ना? घरचं सोनं का विकतचं?"

"म्हणजे?"

"काही नाही हो. विचारावं लागतं. तुमच्या धरणगावकडे नाव घेतात ओतताना. कोणाच्या सोन्यात कोणाला बसवायचं, ते घरच्यानं बोलायचं. मी आपला ओतणारा." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बोला, म्हणजे ज्योत वाढवतो."

मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. घरचं आहे. त्या दोन शब्दांनंतर दाजींचं नाव मोठ्यानं घ्यायचं होतं. दाजी मला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडायचे, त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, मी अक्काकडे राहत होतो तेव्हा. ते नाव मला त्या बाजारातल्या तुकड्यावर घेता येईना.

"थांबा, आबा. मी येतो."

"येतो म्हणजे? आखाजी तोंडावर आलीय. परवा माझ्याकडे रांग लागेल."

"आज-उद्यात येतो."

"उन्हानं चक्कर आली असेल तर बसा इथेच!" ते मागून ओरडले. मी तोवर अंगठी आणि पुडी खिशात टाकून गल्लीच्या तोंडाशी पोचलो होतो.

धरणगावला पोचलो तेव्हा अक्का सांडग्यांचं पीठ मळत होती. मला पाहून तिनं हात तसेच वर धरले. "झाया का टाक?"

"नाही."

मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि नाणं फडक्यातून काढून पुढे ठेवलं. पुडी काढताना दुसरीही खाली पडली. साधं सोनं पाटाखाली सरकलं. तिनं ते पाहिलं.

"हाई कोनं सोनं?"

"माझं," मी म्हणालो. "घेतलेलं."

तिनं मळणं तिथंच ठेवलं, पिठाचे हात धुतले, पुसले. तिला सगळं कळलं की काहीच नाही, हे मला आजही माहीत नाही. विचारायचा धीर झालेला नाही.

मग मी तिला सांगू लागलो. हा टाक नाही, नाणं आहे. दूरच्या देशातल्या राजाचं. व्यापारी घेऊन आले असतील, कोणाच्या तरी गळ्यात पुतळीसारखं अडकवलं असेल, मग कधीतरी देव्हाऱ्यात आलं असेल. ती ऐकत होती. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल. तिनं विचारलं, "मंग बाप-लेक नही शेतस का?"

"आहेत. बाप-लेकच आहेत."

"ते मंग सासू बराबर म्हने." तिच्या आवाजात समाधान होतं. "नाव काय बापनं?"

मी म्हणालो, "हेराक्लियस."

बोलून गेल्यावर मला लक्षात आलं की मी 'बहुधा' म्हणालो नाही.

"हेरक..."

"हेराक्लियस. मुलाचं नावही तेच, पुढे कॉन्स्टंटाइन."

"चांगला व्हता का मानूस?"

मी तिला लढाया सांगितल्या. मुलाला पाळण्यात मुकुट घातला ते सांगितलं. त्यानं सख्ख्या बहिणीच्या मुलीशी लग्न केलं आणि त्याच्या गावात लोकांनी फार नावं ठेवली, हेही सांगितलं.

"मामा-भाची?" ती हसली. "त्यामा काय इतलं! आपलामा बी व्हई जायेत पहिले."

"म्हातारपणी पाण्याला घाबरायचा. समुद्र ओलांडायचा होता तर होड्यांचा पूल बांधला आणि दोन्ही बाजूंनी झाडाच्या फांद्या लावल्या, पाणी दिसू नये म्हणून."

"पानीले घाबरे? मंग आखाजीले त्यानी घागर कशी भरू मी?" तिनं पदर तोंडाला लावला. दाजी गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मग ती गंभीर झाली. "आनि लेक?"

"बापाच्या मागे काही महिने राजा झाला. मग तोही गेला. आजारी होता."

अक्कानं नाणं जवळ ओढलं. लहान चेहऱ्यावर तिनं अंगठा ठेवला. "आते उजळता नही येनार," ती म्हणाली.

मला आधी समजलं नाही. मग ती उठली, गुडघ्यावर हात टेकत, आणि तिनं नाणं डब्यात परत ठेवलं.

"नाव कळनं ना. ज्यानं नाव घेनारं घरमा शे, त्याले आटाडता नही येत. तू घेतंस ना आते नाव. मी बी घेसू."

नाणं वाचलं होतं. मला जे हवं होतं ते झालं होतं, चोरी न करता. माझी छाती हलकी व्हायला हवी होती. मी पाटाखालचा तुकडा उचलून पुढे केला. "दाजींचा टाक यात करू. मी दिलेला समज."

"विकतना सोनामा ते नही बसाव."

"अंगठी आहे."

"अंगठीमा कितलं सोनं ऱ्हास? वाळेल पानसारखा व्हई टाक."

ती आतल्या खोलीत गेली. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या मुठीत मंगळसूत्राच्या दोन वाट्या होत्या, मणी काढून टाकलेल्या. वर्षभर तिनं त्या कुठल्याशा रुमालात ठेवल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हतं.

"ह्या घाल," ती म्हणाली. "हाई त्यासनंच सोनं शे."

"अक्का, ह्या राहू दे."

"कसाले ऱ्हाऊ देवू? घालनार कोन?" तिनं माझा हात धरून वाट्या तळव्यात ठेवल्या. मग थांबली. माझ्याकडे पाहत राहिली, मी दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाहतो तशी, जवळून. "नक्की ना, भाऊ? तेच नाव ना? नाव चुकनं ते आपन भलताच मानोसले पानी देसूत, आनि हाई सोनं बी जाई."

आता बोलायला हवं होतं. तिला सांगता आलं असतं की अक्षरं गेलेली आहेत, की हा त्याचा नातूही असू शकेल, भावाला मारवणारा, की हा कोणीच नसेल, आपल्याकडच्याच कुठल्या सोनारानं काढलेली दोन तोंडं असतील. मग बाप-लेक पुन्हा बिननावाचे झाले असते. तिनं डबा उघडला असता आणि वाट्या कपाटात परत गेल्या असत्या. माझ्या एका 'बहुधा'वर नाण्याचं आणि वाट्यांचं, दोन्ही सोनं अवलंबून होतं, आणि मला फक्त त्यातलं एकच दिसत होतं.

"नक्की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आबांसमोर बसून मी वाट्या मुशीत जाताना पाहिल्या. आधी त्यांच्या कडा वाकल्या, मग गोलाई गेली, मग अंगठीही त्यांत मिसळली आणि वेगळं काहीच राहिलं नाही. आबा म्हणाले, "नाव घ्या." मी दाजींचं नाव घेतलं. या वेळी आवाज बसला नाही. टाक चांगला जाड झाला, फेट्याची घडी न् घडी उठली.

आखाजीला मी धरणगावला गेलो. अक्कानं तीन घागरी भरल्या होत्या, दाजींची पुढे, बाप-लेकांच्या दोन शेजारी, त्यांवर खरबुजं आणि सांजोऱ्या ठेवलेल्या. डब्यातले टाक पाटावर मांडलेले. नव्या टाकाशेजारी ते नाणं, हळदीचं बोट लावलेलं. नाशिकहून भाची आलेली होती, ती म्हणाली, "मामा, आईनं दोन दिवस ते नाव पाठ केलंय. मला झोपू देईना."

"गुपचूप ऱ्हाय," अक्का म्हणाली आणि पाटासमोर बसली. तिनं दाजींचं नाव घेतलं, पाणी सोडलं. मग ती थांबली आणि मान वळवून माझ्याकडे पाहू लागली. चूक होऊ नये म्हणून तिला ते माझ्या तोंडून एकदा ऐकायचं होतं.

मी सावकाश, एकेक अक्षर वेगळं करून ते नाव उच्चारलं. तिनं ते माझ्यामागून म्हटलं, आणि हातातलं पाणी सोडलं.